फरशीखाली गेलेले दगड

बाजारतळ कसा बांधावा हे मला आजवर कुणी विचारलं नाही. विचारणारे साहेबांना विचारतात, आणि साहेब कागद बघून सांगतात. मी आयुष्यभर फरशी विकली आणि बसवली, त्यामुळं माणूस घाण कुठं करतो हे मला कागदाशिवाय ठाऊक आहे. चार लोकांच्या नजरेसमोर, मोकळ्या जागेत, सहसा कुणी घाण करत नाही. त्याला आडोसा लागतो. कोपरा दिसला की तो पान थुंकतो, भिंत दिसली की तिच्याकडं तोंड करून उभा राहतो, खड्डा दिसला की हातातलं साल त्यात टाकतो. जागा स्वच्छ ठेवायची असेल तर झाडणारी माणसं नेमण्याआधी भिंती, कोपरे आणि खड्डे कमी करावेत. माझी सगळी विद्या एवढीच. ती मी एका गावात वापरली, आणि त्या कामानं मला अन्नपाणी गोड लागू दिलं नाही.

गाव जळकोटच्या पुढं, हमरस्त्यापासून थोडं आत. नाव सांगत नाही, कारण तिथल्या लोकांशी माझं अजून येणंजाणं आहे. हैदराबाद राज्य मोडलं, आम्ही मुंबई राज्यात आलो, त्यानंतरचे ते दिवस. शहाबाद मात्र म्हैसूर राज्यात गेलं. म्हणजे मी ज्या फरशीवर पोट भरत होतो ती बसल्या जागी परराज्यातली झाली. कचेऱ्यांतले जुने लोक गेले, नवे आले. आम्ही ज्याला गुत्ता म्हणायचो त्याला कंत्राट म्हणू लागले. नव्या कचेरीत मी पहिल्यांदा 'गुत्ता' हा शब्द वापरला तेव्हा तिथला कारकून शेजारच्याकडं बघून हसला. ते हसू मी अजून विसरलो नाही.

मी नळदुर्गचा. वडिलांनी मागं काही ठेवलं नव्हतं. हमरस्त्यावर फरशीचे ट्रक थांबत आणि प्रवासात फुटलेल्या फरश्या ड्रायव्हर ढाब्यामागं टाकून देत. मी त्या उचलत गेलो. धुणं धुवायला, उंबऱ्याला, चुलीपुढं, गोठ्यात म्हशीच्या पायाखाली तुटकी फरशीही चालते, हे लोकांच्या आधी मला कळलं. पुढं त्यातूनच वखार उभी राहिली. घरोघरच्या मोऱ्या आणि पडव्या बसवता बसवता हात बसला. पण सरकारी काम कधी मिळालं नव्हतं. हा बाजारतळ पहिलाच. तो पास झाला तर तालुक्यातली पुढची कामं मिळणार होती. नापास झाला तर जन्मभर मोऱ्याच बसवायच्या होत्या.

पास करणारा होता ओव्हरसियर. पुण्याकडचा, वयानं माझ्यापेक्षा लहान, इस्त्रीची पँट आणि खिशाला पेन. त्यानं काढलेला नकाशा पंचायतीच्या सतरंजीवर पसरला होता. तळाला चहूबाजूंनी कमरेइतका कठडा, चारी कोपऱ्यांत फुलझाडांचे हौद, आणि मधल्या कडुलिंबाला चौकोनी पार.

मी विचारलं, "साहेब, हा कठडा कशासाठी?"

"शोभा येते. आणि हद्द कळते."

"हद्द सगळ्या गावाला ठाऊक आहे. कठड्याला आतून लोक टेकतील आणि थुंकतील. बाहेरून उभे राहतील."

"बाहेरून कशाला उभे राहतील?"

सरपंच पिकल्या मिशांचे, वडीलधारे गृहस्थ. ते सतरंजीकडं बघत म्हणाले, "साहेब, कशाला ते गुत्तेदारानं आता तोंडानं सांगायचं व्हय?"

साहेबाचे कान लाल झाले. मी तिथंच गप्प बसायला हवं होतं, पण माझा स्वभाव तसा नाही. म्हणालो, "आणि हे फुलांचे हौद. पाणी कोण घालणार? दोन महिन्यांत फुलं वाळतील आणि हौदात उसाची चिपाडं पडतील."

"तुम्ही फरशी बसवायला आला आहात की गाव सुधारायला?"

"फरशी बसवायलाच आलोय. पण वास सुटला की लोक फरशीवाल्यालाच शिव्या देतात. नकाशा कुणी काढला ते विचारत नाहीत."

मग घासाघीस सुरू झाली. ती मला येते. साहेबाला नकाशा त्याचा म्हणून हवा होता आणि मला जागा मोकळी हवी होती. शेवटी कठडा गेला, हौद गेले, लिंबाचा पार चौकोनी होता तो गोल झाला, म्हणजे त्याला कोपराच उरला नाही. कठड्याच्या दगडात मी तळाची कड पक्की करून द्यायची असं ठरलं. उठताना साहेब म्हणाला, "एवढं तुमच्या मनासारखं केलंय, तर जबाबदारीही तुमची. भरल्या बाजारी येऊन बघेन. जागा वापरात असली आणि बाजार उठल्यावर स्वच्छ झाली, तरच सही करेन. दोन्हींतलं एक जरी नसलं तरी नाही."

मी हो म्हणालो. दोन्ही सोपं वाटलं होतं.

जमीन काळी. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसती फरशी अंथरली तर वर्षात लाटांसारखी होते. म्हणून मुरूम लागेपर्यंत माती काढली. खाली दगडांचा थर, त्यावर मुरूम कुटून, त्यावर वाळू-चुना आणि मग फरशी. सांधे काठोकाठ भरून घेतले, म्हणजे त्यांत धान्य आणि शेण अडकणार नाही आणि खराटा एका दमात पुढं जाईल. सगळा ढाळ, म्हणजे उतार, तळाशेजारच्या ओढ्याकडं दिला. ढाळ कमी पडला तर पाणी साचतं. जास्त झाला तर तेलाचा डबा नीट बसत नाही. घागरभर पाणी ओतून ते कुठं थबकतं हे मी दिवसभर बघत बसायचो. घरी आलो तरी तोंडात तेच. एकदा बायको ताट वाढता वाढता म्हणाली, "आवं, उठता-बसता ढाळ, ढाळ करताय. शेजारीण कालच विचारत हुती, कारभाऱ्याचं पोट बिघडलंय का म्हणून."

मला हसू आलं नाही. आभाळ भरून आलं की मी भरलं ताट सोडून अंगणात जाऊन उभा राहायचो.

आता ज्या गोष्टीवरून पुढं सगळं झालं ती सांगतो. माती काढायच्या आधी तळ साफ करायचा होता. पंचायतीनं मला सांगितलं, "तळ साफ करून कामाला लागा." तळावर जागोजागी दगड पडलेले होते, काही डोक्याएवढे, काही पाटाएवढे. बाजारात दगड असतातच. कुणी बसायला घेतो, कुणी पालाचं कापड उडू नये म्हणून ठेवतो. मला खाली भरायला दगड हवेच होते. मजुरांनी ते सगळे गोळा केले आणि थरात घातले. एक दगड तेवढा तांबडा माखलेला दिसला. शेंदूर समजून मी स्वतः तो उचलला, लिंबाखाली ठेवला, हात जोडले. एवढी काळजी मी घेतली. तरीही पुढं मला जे ऐकून घ्यावं लागलं ते लागलंच.

फरशी पूर्ण झाली आणि बाजाराचा दिवस आला. मी उन्हं वर यायच्या आत जाऊन लिंबाच्या पारावर बसलो. तळ धुतल्या ताटासारखा दिसत होता. गाड्या येऊ लागल्या, डोक्यावरच्या पाट्या येऊ लागल्या. आणि एकेक जण तळाच्या कडेपर्यंत येई, आत बघे, आणि वळून बाहेर रस्त्याच्या धुळीत पथारी पसरी. बघता बघता रस्त्याच्या दोन्ही अंगांना बाजार भरला. तळावर एकटं एक कुत्रं सावलीला पडलं होतं.

मी उठून एका मिरचीवाल्या म्हातारीकडं गेलो. तोंडाला फटकळ, पण बाजारात मान असलेली बाई.

"मावशी, एवढा तळ केलाय. धुळीत कशाला बसता? आत बसा की."

"कुठं बसू?"

"कुठंबी बसा. सगळी जागा मोकळी हाय."

"कुठंबी बसाय म्या काय पाव्हणी हाय? माझा दगड कुठाय?"

"कसला दगड?"

"माझ्या सासूनं मांडलेला. त्यो जिथं, तिथं माझी जागा. तुमी कुठं घातलाव त्यो सांगा, म्हंजी म्या तिथं बसते."

माझ्या मागं उभा असलेला एक मेंढरांचा व्यापारी खाकरला आणि आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मावशे, तुजा दगड फरशीखाली गेला. समद्यांचे गेले. माजा तेवढा वाचला. मेंढरं रंगवायची काव लागलीती त्याला, तर गुत्तेदारानं देव करून लिंबाखाली बसवलाय. सकाळी बघतो तर कुणी तरी फूल बी वाहिलंय."

सगळा रस्ता हसला. मला मात्र तेव्हा उमगलं. त्या तळावर पडलेला दगड नि दगड कुणाच्या तरी बसण्याची खूण होती. सासूकडून सुनेकडं, बापाकडून लेकाकडं आलेली. कुठं लिहिलेली नव्हती, कारण दगड होता. आणि तो आता मुरूम-चुन्याखाली होता.

दुपारी एका कापडवाल्यानं धाडस केलं. तळाच्या तोंडाशी, जिथं गिऱ्हाईक आधी येतं, तिथं त्यानं पथारी टाकली. लगेच एक तेलवाला धावून आला, "ही माझी जागा." कापडवाला म्हणाला, "दगड दाखव." तेलवाल्यानं त्याचा गठ्ठा उचलून बाहेर फेकला. मारामारी सोडवता सोडवता माझ्या सदऱ्याची बाही फाटली.

संध्याकाळी सरपंचांकडं गेलो. म्हणालो, "पंचायतीनं जागा वाटून द्या."

"म्या?" ते म्हणाले. "एकाला दिली की धा जण माज्या दारात. न्हाय जमायचं. तुमी घातलेत, तुमीच दगड काडा."

"फरशी उखडून? आणि त्या ढिगातला कुणाचा कुठला, हे दगड बोलून सांगणार का?"

"ते आता तुमी बघा."

माझं डोकं फिरलं. "तळ साफ कर म्हणून तुम्हीच सांगितलंत. तेव्हा तोंडातून एक शब्द निघाला नाही. राखायचे होते तर तेव्हा सांगायचं होतं."

"आवं, ते काय सांगायचं असतं व्हय? ते समद्यांस्नी ठावं असतंय."

माझा राग इथंच आहे. जे सगळ्यांना ठाऊक असतं ते बाहेरच्या माणसाला कुणी सांगत नाही, आणि तो चुकला की त्याला धरतात. ओव्हरसियर पुढच्या बाजारी येणार होता. तोवर मला ना जेवण गेलं, ना वखारीत लक्ष लागलं. डोळ्यांपुढं तो रिकामा तळ यायचा. स्वच्छ तर होता. इतका स्वच्छ की कुणी वापरलाच नव्हता.

मग मी गाडी जुंपली आणि बाजारकऱ्यांची गावं फिरलो. आधी घरोघरी विचारलं, "तुमची जागा कुठं होती?" तर प्रत्येकाला चांगलीच जागा आठवे. लिंबाच्या सावलीत बसणारे एवढे निघाले की लिंबाला दुसरा लिंब जोडावा लागला असता. माल विकणाऱ्याला भाव विचारला तर तो वाढवूनच सांगतो, हे मला कळायला हवं होतं. मी प्रश्न बदलला. "तुमच्या शेजारी कोण बसायचं?" यात कुणाला खोटं बोलायचं सुचेना. मिरचीवाली म्हणाली, "डाव्या अंगाला लसणाची, उजव्या अंगाला बांगड्यावाला. त्यो मेला सारखा शिंकतो, माझ्या मिरच्यांमुळं म्हनं." बांगड्यावाल्याकडं गेलो तर त्यानं मिरचीवालीला शिव्या दिल्या, म्हणजे शेजार पक्का झाला. असा एकाला एक जोडत गेलो. तेलवाला आणि कापडवाला एकमेकांचे शेजारीच निघाले. भांडण हातभर जागेचं होतं.

पुढच्या बाजारी मी सकाळपासून तळावर उभा. "मावशी, तुम्ही इथं. तुमच्या डाव्या हाताला ही लसणाची. हां, आता बांगड्यावाले, तुम्ही." म्हातारीनं फरशी पायानं चाचपली, लसणीवालीकडं बघितलं आणि टोपली खाली ठेवली. "बस गं," ती म्हणाली, "हितंच हुतो आपुन." तिच्यामागून रांग बसली. मग दुसरी बसली. तळ भरला.

मी पारावर टेकलो, डोळे मिटले आणि उघडले. उघडले तेव्हा तेलवाला ओढ्याकडून एक पाटाएवढा दगड खांद्यावर घेऊन येत होता. त्यानं तो आपल्या जागेवर ठेवला. त्याच्यामागं कापडवाला, त्यालाही दगड. बघता बघता ओढ्याकडं रीघ लागली. आपली जागा पुन्हा जाऊ नये म्हणून जो तो दगड मांडू लागला. आणि प्रत्येक दगडाच्या वरच्या अंगाला पाला, फोलपटं, शेण थबकायला लागलं, कारण ढाळ मी दिला होता आणि पाणी आणि कचरा दगडाशी येऊन अडत होता. इतके दिवस भिंती आणि कोपरे काढण्यासाठी भांडलो, आणि आता माझ्या डोळ्यांदेखत तळाला शंभर कोपरे फुटत होते. ओव्हरसियर दुपारच्या मोटारीनं येणार होता.

मी तेलवाल्याच्या दगडाला हात घातला. त्यानं माझं मनगट धरलं. "गुत्तेदार, एक डाव घातलाव फरशीखाली. आता न्हाय."

शहाबादहून येणाऱ्या मालावर, कुणाचा माल ते कळावं म्हणून, कडेला टाकीनं, म्हणजे छिन्नीनं, एखादी रेघ मारलेली असते. ती माझ्या रोजच्या नजरेतली गोष्ट. त्या घडीला ती आठवली ती घाबरल्यामुळं. मी म्हणालो, "दगड नको. फरशीवरच तुझी खूण कोरून देतो. ती कुणी उचलून नेणार नाही, फरशीखाली जाणार नाही. दगड दे, खूण घे."

"कसली खूण?"

"तू सांगशील ती."

"माप," तो म्हणाला. "तेलाचं."

माझ्याबरोबर दोन पाथरवट होते. त्यांना बसवलं. खूण उथळ, पाणी थांबणार नाही आणि खराट्याला लागणार नाही अशी. तेलवाल्याचं माप झालं तसे लोक आपला दगड स्वतःच्या हातानं ओढ्याकडं परत नेऊन टाकू लागले आणि पाथरवटांभोवती गर्दी झाली. लसणीवालीनं नुसती चंद्रकोर मागितली. मेंढरांच्या व्यापाऱ्याला मेंढरूच हवं होतं. कोरून झाल्यावर तो त्याच्याभोवती फिरून म्हणाला, "ह्यो तर उंदीर हाय. असू द्या, जागा तर पक्की."

"हे काय चाललंय?"

ओव्हरसियर मागं उभा होता. मी किती वेळ त्याला पाठमोरा होतो कोण जाणे. टाक्यांचा आवाज एकदम बंद झाला.

"नव्या सरकारी फरशीवर टाकी? कुणाच्या हुकमावरून?"

मी सांगायला गेलो तर शब्द जुळेनात. दगड, जागा, सासू, मेंढरू, सगळं एकदमच तोंडाशी आलं. साहेब वहीत काहीतरी लिहू लागला. तेवढ्यात खालून मिरचीवाली म्हणाली, "सायेब, पाय काडा."

"काय?"

"माझ्या मिरचीवर हुबं हाव. ही बगा खूण, हितवर माजं. तुमी तिकडं लसणीकडं हुबं ऱ्हावा."

साहेबानं खाली बघितलं आणि पाय बाजूला घेतला. मग तो लिंबाच्या पारावर जाऊन बसला, आणि बाजार उठेपर्यंत बसून राहिला. बाजार उठला. झाडणाऱ्या बायकांनी वरून खराटे धरले ते थेट ओढ्यापर्यंत, मध्ये कुठं वाकावं लागलं नाही की वळावं लागलं नाही. मागून घागरी ओतल्या. पाणी खुणांवरून गेलं आणि फरशी मोकळी झाली. मी साहेबाच्या तोंडाकडं बघत होतो आणि तोंडावर काही दिसत नव्हतं.

तो म्हणाला, "काम ठीक आहे. पण मी वर काय लिहू? ठेकेदारानं नवी फरशी कोरली?"

मला तेव्हा सही हवी होती, बाकी काही नको होतं. अवतीभवती अर्धा बाजार गाड्या भरत होता. मी म्हणालो, "लिहा की, साहेबांच्या सूचनेवरून जागांच्या खुणा कोरल्या."

साहेबानं पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाला, "सूचना माझी होती, असं तुमचं म्हणणं आहे?"

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर," मी म्हणालो, आणि त्यानं सही केली.

त्या पावसाळ्यानंतर तालुक्यातल्या आणखी बाजारतळांना फरशी मंजूर झाली, आणि साहेबांच्या पद्धतीप्रमाणं जागा कोरून द्याव्यात असं ठरलं. मी कचेरीत गेलो. साहेब आता मोठ्या टेबलामागं बसला होता. कामं दुसऱ्याला दिलीत, म्हणाला, तुळजापूरकडचा कुणीतरी, दरही बरा आणि बोलायलाही नरम. मी म्हणालो, "पण खुणांचं काम माझं होतं."

त्यानं मान वर केली नाही. "त्यात काय," तो म्हणाला, "कुठं नि कशा कोरायच्या ते मी त्यांना सांगितलंय."

टेबलाच्या कडेला 'गुत्ता' ऐकून हसलेला तोच कारकून बसला होता. मी बाहेर आलो, आणि पायऱ्या उतरताना कोपऱ्यातल्या थुंकीवरून पाय घसरता घसरता वाचलो.